नमुना कोणत्या नळाचा?

‘पाणी पिण्यास योग्य.’ धुळे तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायतीत हा अहवाल आम्हाला दाखवण्यात आला. त्यावर शिक्का होता, सही होती, तारीखही अलीकडचीच होती. आणि त्याच आठवड्यात गावच्या बौद्धवाड्यात घराआड एक लेकरू जुलाब-उलटीने आडवे झाले होते. दोघांना तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावावे लागले. आम्ही अहवाल वाचून दाखवला तेव्हा ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, “कागदनं काय करू भाऊ, मना नातूनी हगवण थांबत नही.”

अहवाल खोटा असेल, असा आमचाही पहिला संशय होता. तो खोटा नव्हता. नमुना गावच्या विहिरीचा होता आणि त्या दिवशी विहिरीचे पाणी खरोखरच चांगले होते. पण विहिरीपासून टाकी, टाकीपासून गावठाण आणि गावठाणापासून वाडा असा जवळजवळ दीड किलोमीटरचा पाइप मध्ये होता. त्या पाइपात काय घडते, ते तपासायला कोणी बाटली भरली नव्हती. म्हणून या महिन्यात आरोग्याच्या पानावर औषधांऐवजी पाण्याच्या तपासणीबद्दल लिहीत आहोत. देशाचे पाणी कोण तपासते, कशासाठी तपासते, आणि ती तपासणी आपल्या दारातल्या नळापर्यंत पोहोचते का?

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू. पाणी नितळ दिसले, गोड लागले, म्हणजे ते चांगले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. डोळ्यांना दिसते ते गाळता येते. जुन्या माणसांना नारू आठवत असेल, पायातून दोऱ्यासारखा निघणारा. पायविहिरीच्या पाण्यातल्या बारीक किड्यांतून तो पोटात जायचा आणि दुहेरी कापडाने पाणी गाळले की अडायचा. घराघरांत पाणी गाळायची सवय लागली, पायविहिरी बुजल्या, आणि १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही. भिक्खूंच्या अष्ट परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण कावीळ, विषमज्वर आणि गॅस्ट्रोचे जंतू कापडातून सहज पार होतात. नायट्रेटसारखा विरघळलेला क्षार तर कुठल्याच कापडात अडकत नाही. त्यासाठी तपासणीच लागते, आणि तपासणीही एक नसते.

नद्यांचे पाणी वेगळी खाती पाहतात. केंद्रीय जल आयोग नद्यांची पातळी आणि प्रवाह मोजतो, सोबत पाण्याची प्रतही तपासतो. आपल्या भागात तापीवर भुसावळला आणि धुळे जिल्ह्यातल्या गिधाडेला त्याची केंद्रे आहेत. या आयोगाचे मूळ १९४५ सालच्या केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगात आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या सल्ल्याने तो स्थापन झाला. बाबासाहेबांचा पाण्याशी संबंध म्हटला की आपल्याला महाडच आठवते. देशाच्या नद्या मोजण्याच्या कामातही त्यांचा हात आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

नदी किती घाण झाली ते पाहणे हे प्रदूषण नियंत्रण मंडळांचे काम. महाराष्ट्राचे मंडळ १९७० सालचे, केंद्राचे १९७४ च्या जल कायद्याने आलेले. त्यांची एक चाचणी समजून घेण्यासारखी आहे. नदीच्या पाण्याची बाटली घट्ट बंद करून २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवतात आणि आतला प्राणवायू किती कमी झाला ते मोजतात. पाण्यात सांडपाणी, मैला, सडका कचरा जितका जास्त, तितके तो कुजवणारे जंतू जास्त प्राणवायू खातात. लिटरला तीन मिलीग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू खाल्ला गेला, तर नदीचा तो पट्टा प्रदूषित धरतात. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशभरातले असे ३५१ पट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. यादीत आपल्या ओळखीची नावे आहेत: तापी, गिरणा, वाघूर, पांझरा. यावरून वाघूर धरणाचे पाणी पिणाऱ्या जळगावकरांनी घाबरून जायचे कारण नाही. नदीचा घाण पट्टा वेगळा, धरणाचा साठा वेगळा, आणि नळाला येते ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून येते. पण नदीकाठच्या वस्तीत जिथे नदीत झरा खणून पाणी भरतात, कपडे धुतात, गुरे धुतात, लेकरे डुंबतात, तिथे ही यादी थेट आपल्या अंगाशी येते.

आता जमिनीखालचे पाणी. जळगाव जिल्ह्यातल्या घरांनी हा भाग सावकाश वाचावा.

विहिरी आणि बोअर तपासण्याचे काम केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा करतात. गावातल्या काही विहिरी ‘निरीक्षण विहिरी’ म्हणून ठरवलेल्या असतात. त्यांची पातळी वर्षातून चारदा मोजली जाते आणि पाण्याचे नमुनेही जातात. केंद्रीय मंडळाच्या २०२४ च्या अहवालासाठी देशात १५,२५९ ठिकाणचे पाणी तपासले गेले. त्यांतल्या जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.७४ टक्के होते. नायट्रेट सर्वांत जास्त आढळलेल्या १५ जिल्ह्यांची नावे अहवालात दिली आहेत. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड यांच्याबरोबर त्यात आपले जळगावही आहे.

नायट्रेट येते कुठून? शेतात टाकलेल्या युरियातला जो भाग पीक घेत नाही, तो पाण्याबरोबर खाली उतरतो. उकिरडे, गुरांचे गोठे, गटारी आणि संडासाचे शोषखड्डे यांतूनही तो झिरपतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. भारतीय मानकात काही घटकांना ‘दुसरे पाणी नसेल तर इतके चालेल’ अशी सूट असते. नायट्रेटला ती नाही.

मोठ्या माणसाला हे पाणी लगेच बाधत नाही, म्हणून कोणी तक्रार करत नाही. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. नायट्रेट पोटात गेले की बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. ओठ, नखे, तळवे निळसर पडतात, बाळ सुस्तावते, धाप लागते. आईला वाटते नजर लागली किंवा गारठा बाधला. निळसर ओठांचे बाळ दिसले की अंगारा, गुटी काही न करता सरळ दवाखाना गाठावा, आणि बाळाला कोणते पाणी पाजले ते डॉक्टरांना सांगावे.

घरोघरी होणारी एक चूक मुद्दाम सांगतो. ‘आम्ही बाळाला उकळूनच पाणी देतो,’ असे आया अभिमानाने सांगतात. जंतूंसाठी ते बरोबर आहे. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे भांड्यातले प्रमाण वाढते. तुरटीने, क्लोरीनने, माठात ठेवूनही ते हटत नाही. आरओच्या यंत्राने कमी होते, पण ते यंत्र प्रत्येक घराला परवडणारे नाही. साधा उपाय असा की पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे. वरचे पाणी नको, साखरपाणी नको. आईचे दूध बाळाची तहान उन्हाळ्यातही भागवते. ज्या बाळाला काही कारणाने पावडरचे दूध द्यावे लागते, त्याच्या घरातल्यांनी बोअरच्या पाण्याचे नायट्रेट आधी तपासून घ्यावे. रावेर, यावल, चोपड्याकडच्या केळीच्या पट्ट्यात शेतातल्याच विहिरीवर किंवा बोअरवर राहणारी आपली मजूर कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी हे जास्त निकडीचे आहे. नवीन शोषखड्डा घेताना बोअरपासून निदान पन्नास फूट लांब घ्या. आपल्याकडच्या दाटीच्या वस्तीत तेवढी जागा कुठून आणायची, हा प्रश्न आम्हालाही पडतो. जागा नसेल तर त्या बोअरचे पाणी वापरायला ठेवावे, पिऊ नये.

आता नळाचे पाणी. गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, होणे अपेक्षित आहे. ग्रामपंचायतीने नेमलेला जलसुरक्षक नमुने घेतो. जंतूंच्या तपासणीत १०० मिलीलीटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही निघता कामा नये, असे मानक सांगते. हा जंतू माणसाच्या आणि गुरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला की विष्ठा पाण्यात मिसळली, एवढे नक्की.

‘शुद्ध’ या शब्दाचा आपल्या समाजाला कडू अनुभव आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्या घागरीतले पाणी आजच्या जिल्हा प्रयोगशाळेत दिले, तर अहवालावर काय लिहून येईल ते वाचकांनी ओळखावे. तपासणीला पाण्याला कोणाचा हात लागला याच्याशी देणेघेणे नसते. पाण्यात काय आहे, एवढेच ती पाहते. पण नमुना कोणत्या गल्लीतून घ्यायचा, हे माणूस ठरवतो.

गावात हिरवे कार्ड मिळाल्याचा फलक पुष्कळांनी पाहिला असेल. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आरोग्य खाते पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करते. विहिरीभोवती घाण आहे का, पाइपाला गळती आहे का, टीसीएल पावडर साठ्यात आहे का, हे पाहून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतात. सलग पाच वर्षे हिरवे आणि साथ नाही, तर चंदेरी. लाल म्हणजे धोका मोठा, हिरवे म्हणजे धोका कमी. म्हणजे हिरवे कार्ड ही जोखमीची पाहणी आहे. आजच्या नळाच्या पाण्याचा दाखला म्हणून ते दाखवता येत नाही.

वाड्याचा नळ बहुतेक गावांत पाइपाच्या शेवटच्या टोकाला असतो. असा का असतो, ते नव्याने सांगायची गरज नाही. शेवटच्या टोकाला दोन गोष्टी होतात. पाणी दोन-चार दिवसांआड सुटते, तेव्हा मधल्या वेळी पाइप रिकामा असतो. त्याला कुठे फट असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर रिकामा पाइप ते पाणी आत ओढून घेतो. पाणी सुटले की पहिला लोंढा तीच घाण घेऊन येतो, आणि आपण घाईत नेमका तोच हंडा प्यायला भरतो. मोटार नळाला लावून पाणी ओढले तर हे ओढणे आणखी वाढते. दुसरी गोष्ट, टाकीत टाकलेले क्लोरीन वाटेत खर्च होत जाते. गावठाणात ते असते, वाड्यात पोहोचेपर्यंत संपलेले असते. मानक सांगते की नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. टाकीपाशी नव्हे, नळाला.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ओ.टी. चाचणी म्हणतात ती अर्ध्या मिनिटाची आहे. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. लगेच पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पाणी कोरेच राहिले तर नाही. जंतूंसाठी एचटूएसची बाटली मिळते. बाटलीच्या तोंडाला आतून बोट न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून घरात उबदार जागी ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर ते पिण्यालायक नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव अशी तपासणीची पेटी दिली आहे आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ती वापरायला शिकवायचे आहे. पेटीत नायट्रेट, फ्लोराइड, लोह, कठीणपणा यांच्याही चाचण्या आहेत. आमच्या पाहण्यात ही पेटी बहुतेक वेळा कपाटात असते. आपल्या गावच्या त्या पाच जणी कोण, त्यांत वाड्यातली एक तरी आहे का, हे ग्रामसभेत विचारा.

तर त्या धुळे तालुक्यातल्या गावात आम्ही काय केले? आशाताईंना बरोबर घेतले आणि पाणी सुटले त्या सकाळी विहाराजवळच्या शेवटच्या नळावर ओ.टी. केली. कोरी. टाकीखालच्या नळावर केली. गर्द पिवळी. मग एचटूएसच्या दोन बाटल्या भरल्या, एक टाकीखाली, एक विहाराजवळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहाराजवळची काळी पडली. टाकीची तशीच राहिली. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तेव्हा ग्रामसेवकांनाही काही सांगावे लागले नाही. पाइपाबरोबर चालत गेलो तर वाड्याच्या तोंडाशी गटारीतच एक जोड निघाला, वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ती कधी कोणी गुंडाळली, कोणालाच आठवत नव्हते.

जोड बदलायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस घराघरांत काय करायचे ते आयाबहिणींना सांगितले. पाणी सुटल्यावर पहिली दोन-तीन बादल्या पाणी वापरायला काढावे, मग पिण्याचा हंडा भरावा. आशाताईंकडच्या क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास थांबावे, किंवा पाणी खळखळून उकळावे. हंड्यात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्यावे. जुलाब लागलेल्या लेकराला ओआरएस घोटघोट पाजत राहावे, अंगावरचे दूध थांबवू नये, आणि दवाखान्यातून झिंकच्या गोळ्या मिळाल्या तर चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. लेकरू पाणीही घेईना, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली तर घरी थांबू नये. गरोदर बाईला कावीळ झाली तर तीच घाई करावी. पाण्यातून येणारी एक कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.

पावसाळ्यात हे सगळे दुपटीने सांभाळावे लागते. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसे हजारोंनी जमतात. तिथे जाताना पाण्याची बाटली घरून भरून न्या, लेकरांना वाटेतला बर्फाचा गोळा देऊ नका.

आपल्या वाड्याचा नमुना घ्यायला लावायचा असेल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात ‘पाणी तपासावे’ एवढेच लिहू नका. ‘वाड्यातल्या शेवटच्या सार्वजनिक नळाचा नमुना, पाणी सुटल्यानंतर, आमच्या दोन प्रतिनिधींसमोर घ्यावा’ असे लिहा. जंतूंच्या नमुन्याची बाटली निर्जंतुक केलेली, प्रयोगशाळेतूनच आणलेली हवी. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी, शक्यतो सहा तासांत, पोहोचली पाहिजे. दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत तापलेल्या बाटलीचा अहवाल काही कामाचा नाही. अहवाल हाती आला की निकालाआधी ‘नमुन्याचे ठिकाण’ ही ओळ वाचा. ‘सा. विहीर’ असे लिहिले असेल तर तो विहिरीचा अहवाल आहे, तुमच्या नळाचा नाही. खासगी बोअर असेल तर जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या शासकीय पाणी प्रयोगशाळेत माफक शुल्क भरून स्वतः नमुना देता येतो.

त्या गावात जोड बदलला. शिवाय टीसीएल पावडर कोरडीच विहिरीत ओतली जायची, ती आता बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे पाणी टाकीत सोडतात. विहाराच्या भिंतीवर मुलींनी खडूने एक तक्ता आखला आहे. पाणी सुटेल त्या दिवशी शेवटच्या नळाची ओ.टी. करायची आणि ‘पिवळा’ किंवा ‘कोरा’ असे लिहायचे. मागच्या वेळी गेलो तेव्हा सहा पिवळ्यांनंतर एक कोरा होता. चौकशी केली तर कळले की टीसीएलचे पोते संपले होते आणि नवे मागवायचे राहून गेले होते. तक्त्याचा फोटो काढून एका मुलीने सरपंचांना पाठवला. पोते दुसऱ्या दिवशी आले.